लष्करी अकादमीची वाट आणि गणिताची निवड

सेरंगूनमध्ये राहणाऱ्या आपल्या समाजातील एका कुटुंबात शब्बाथच्या रात्री किद्दुश आटोपल्यावर निघालेली ही गोष्ट आहे. घरातला मुलगा नुकताच ज्युनियर कॉलेजात दाखल झाला होता आणि येत्या चार दिवसांत त्याला विषयांचा फॉर्म भरून द्यावयाचा होता. सेनाधिकारी व्हावयाचे हे त्याने लहानपणापासूनच मनाशी धरलेले. ठाण्याहून पाहुणे म्हणून आलेले आजोबा म्हणाले, "बाळ, तू खडकवासल्याला जा. आपल्या समाजाचा माणूस त्या अकादमीचा प्रमुख होऊन गेला आहे." लोदच्या मामांनी आदल्या दिवशीच दूरध्वनीवरून कळवले होते की, पाच युनिटांचे गणित कर आणि सरळ इकडे ये. वडिलांचे म्हणणे वेगळे. येथल्या सैन्यात त्याला जावेच लागणार आहे, मग दुसरीकडे पाहावयाचे कशाला? हे सारे ऐकून घेतल्यावर आईने शांतपणे विचारले, "तिघांचेही खरे असेल; पण सोमवारी फॉर्मवर लिहायचे काय? नेहमीचे गणित, की त्याच्या जोडीला ते वरचे गणितही?"

आईचा प्रश्न वरवर पाहता एका ओळीचा आहे. परंतु परदेशी येऊन राहिलेल्या आपल्यासारख्या घरांत तो वारंवार उद्भवतो आणि बहुधा घाईतच सोडवला जातो. कोणी म्हणतो, जितके जड गणित तितका अर्ज वजनदार. कोणी म्हणतो, सैन्यात छाती लागते, गणित नव्हे. ही दोन्ही मते अर्धवट आहेत. त्यांमुळे काही मुले पेलवणार नाही असे ओझे उचलतात, तर काही मुले पुढे उपयोगी पडणारे दार आपल्याच हातांनी लावून घेतात. म्हणून या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करावा, हा या लेखाचा हेतू.

गणितच का?

आपल्या पूर्वजांनी तलवार हाती घेतली तेव्हा त्यांना कोणी बीजगणित विचारले नव्हते. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझेकिएल दिवेकर, हे कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेतील देशी अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनालय उभारले. त्या काळी शिपायाने पलटणीत नाव काढावे, वर्षानुवर्षे चाकरी करावी आणि पायरी-पायरीने वर चढावे, अशी रीत होती.

परंतु त्याच सुमारास युरोपात निराळे वारे वाहू लागले होते. तोफेचा गोळा किती अंशांच्या कोनातून सोडला असता कोठे पडेल, हे धाडसाने कळत नाही. ते हिशेबाने कळते. १७८५ मध्ये पॅरिसच्या लष्करी शाळेत सोळा वर्षांच्या नेपोलियनची परीक्षा घेतली ती लाप्लास या थोर गणितज्ञाने. अमेरिकेत वेस्ट पॉइंटची अकादमी १८०२ मध्ये निघाली. तेथे १८१७ ते १८३३ या काळात सिल्व्हानस थेयर प्रमुख होते. त्यांनी गणित हा शिक्षणाचा कणा केला, आणि विद्यार्थ्याने रोज फळ्यासमोर उभे राहून आपले उत्तर सिद्ध करून दाखवावे असा परिपाठ घातला. या परिपाठाचा हेतू केवळ गणितज्ञ निर्माण करणे हा नव्हता. दडपणाखाली, चार लोकांच्या देखत, एकेक पाऊल कारण देऊन टाकण्याची सवय लागावी, हाही होता. अधिकाऱ्याला पुढे आयुष्यभर तेच करावयाचे असते.

आज तोफेचा कोन यंत्र काढते हे खरे. तरीही नौकेचा मार्ग, विमानाचे इंधन, हजार माणसांचा शिधा, रडारवरील ठिपक्याची गती, सांकेतिक लिपी, या सर्वांच्या मुळाशी त्रिकोणमिती, कलनशास्त्र, सदिश आणि संभाव्यता हीच मंडळी आहेत. म्हणून जगातील बहुतेक अकादम्या अर्जदाराच्या गणिताकडे पाहतात. मात्र प्रत्येकीची पाहण्याची तऱ्हा वेगळी आहे, आणि नेमके तेच आपण लक्षात घेत नाही.

आधी दार, मग किल्ली

गणित कोणते घ्यावे हे ठरवण्याच्या आधी, आपल्या मुलाला कोणते दार उघडे आहे हे पाहिले पाहिजे. हे दार गुणांवर नव्हे, तर नागरिकत्वावर आणि वयावर ठरते. सेरंगूनच्या त्या घरी आजोबा, मामा आणि वडील तिघेही प्रेमाने बोलत होते, परंतु पासपोर्ट कोणी बाहेर काढला नव्हता.

सिंगापूरमध्ये राष्ट्रीय सेवेचा कायदा १९६७ पासून सर्वांना लागू झाला. पुरुष नागरिकांना तर ती सक्तीची आहेच. शिवाय आईवडिलांच्या आधारे कायमचा रहिवासी झालेल्या मुलालाही, तो परदेशी नागरिक असला तरी, साधारण अठराव्या वर्षानंतर दोन वर्षे पूर्णवेळ सेवा करावी लागते. त्या आधी दीर्घकाळ देशाबाहेर जावयाचे तर सरकारी परवाना लागतो. नोकरीच्या पासवर आलेल्या आणि कायमचे रहिवासी न झालेल्या कुटुंबांतील मुलांवर हे बंधन नाही.

आता खडकवासल्याचा नियम पाहा. तेथे प्रवेशाच्या वेळी उमेदवाराचे वय सामान्यतः साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावे लागते. तो अविवाहित असावा आणि भारताचा नागरिक असावा. परदेशी नागरिकत्व घेऊन भारताचे ओसीआय कार्ड काढलेल्या मुलाला तेथे जागा नाही. भारत वा सिंगापूर, दोघेही दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीत.

येथे साधी बेरीज करावी. कायमचा रहिवासी असलेला मुलगा ए लेव्हल संपवून साडेअठराव्या वर्षी सेवेत रुजू झाला, तर तो बाहेर पडतो साडेविसाव्या वर्षी. तोवर खडकवासल्याची वयोमर्यादा ओलांडलेली असते. त्यानंतर पदवी घेऊन भारतातील पदवीधरांच्या परीक्षेला बसावे म्हटले, तरी तेथील मर्यादा शाखेनुसार साधारण २४-२५ वर्षांची आहे. चार वर्षांची पदवी घेतली की तीही जवळजवळ हातची जाते. घरात पहिल्यांदा करावयाचे गणित ते हे. याला बोटे पुरतात, पण ते वेळेवर केले पाहिजे.

सिंगापूरची वाट

या देशाच्या सैन्याशी आपला एक निराळाच धागा आहे. १९६५ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर सिंगापूरजवळ नाव घेण्यासारखी फौज नव्हती. संरक्षणमंत्री गो केंग स्वी यांनी इस्राएलकडे मदत मागितली. तेथून आलेल्या सल्लागारांचा गाजावाजा होऊ नये म्हणून त्यांना 'मेक्सिकन' म्हणण्यात येई. त्यांच्या साहाय्याने १९६६ मध्ये साफ्टी ही प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि पासिर लाबा येथे तिची छावणी उभी राहिली. अधिकाऱ्यांची पहिली तुकडी १९६७ च्या जुलैत बाहेर पडली. तेव्हाच घालून दिलेली एक रीत आजही टिकून आहे. सैन्यातील अधिकारी सर्वसाधारणपणे अर्जाच्या कागदावरून निवडला जात नाही. तो शिपायांमधून निवडला जातो. मुलगा आधी मूलभूत प्रशिक्षण घेतो. तेथील त्याची शारीरिक क्षमता, वर्तन, सहकाऱ्यांना बरोबर घेऊन जाण्याची हातोटी पाहून त्याला अधिकारी छात्रशाळेत पाठवण्यात येते. फर्दर मॅथेमॅटिक्स केले म्हणून कोणाच्या खांद्यावर पट्टी लागत नाही.

मग गणिताचा संबंध कोठे येतो? तो येतो शिष्यवृत्तीच्या आणि विद्यापीठाच्या दारात. सैन्याच्या शिष्यवृत्तीवर मुलाला देशात वा परदेशात विद्यापीठीय शिक्षण मिळते आणि त्यानंतर त्याने ठरावीक वर्षे सेवा करावयाची असते. १९७१ मध्ये ही परदेशी शिष्यवृत्ती मिळालेल्यांत ली शियन लूंग होते. त्यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणिताचाच अभ्यास केला आणि १९७३ मध्ये ते सीनियर रँग्लर ठरले. हा शब्द आपल्या कानांना परका नाही. १८९९ मध्ये फर्ग्युसन कॉलेजच्या रघुनाथराव परांजप्यांनी तोच मान मिळवला, तेव्हापासून महाराष्ट्रात 'रँग्लर परांजपे' हे नाव आदराने घेतले जाते. ली पुढे १९८३ मध्ये ब्रिगेडियर-जनरल झाले आणि २००४ ते २०२४ अशी वीस वर्षे देशाचे पंतप्रधान होते.

परंतु या उदाहरणावरून सर्वांनी केंब्रिजचे गणित करावे असा निष्कर्ष काढू नये. २०१५ मध्ये सिंगापूरच्या सैन्यातील पहिल्या महिला जनरल झालेल्या गान स्यू ह्वांग यांनी सैन्याच्याच शिष्यवृत्तीवर लंडनला अर्थशास्त्राची पदवी घेतली होती. दोघांच्या वाटा निराळ्या. पण शाळेतल्या गणिताचा पाया दोन्हीकडे लागतो.

ज्युनियर कॉलेजात गणिताच्या मुख्य पायऱ्या तीन आहेत. एच१ गणितात थोडे कलन आणि बरीचशी सांख्यिकी असते. व्यापार वा सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्यांना ते पुरते. एच२ गणितात फलने व आलेख, श्रेढी, सदिश, संमिश्र संख्या, कलनशास्त्र आणि सांख्यिकी असा भरगच्च अभ्यास असतो. अभियांत्रिकी आणि भौतिक शास्त्रांची दारे यानेच उघडतात. तिसरे फर्दर मॅथेमॅटिक्स. ते एच२ गणिताच्या ऐवजी नव्हे, तर त्याच्या जोडीला घ्यावे लागते. २००६ नंतर ते बंद पडले होते; २०१६ मध्ये काही निवडक कॉलेजांतून पुन्हा सुरू झाले आणि त्याची पहिली परीक्षा २०१७ मध्ये झाली. मॅट्रिक्स, अवकल समीकरणे, संख्यात्मक पद्धती हे त्यातले विषय. ज्याला विद्यापीठात गणित, भौतिकशास्त्र वा वरच्या दर्जाची अभियांत्रिकी करावयाची आहे, किंवा २०२२ मध्ये स्थापन झालेल्या डिजिटल आणि गुप्तवार्ता दलासारख्या ठिकाणी संगणक-संकेतांचे काम करण्याची ओढ आहे, त्याला ते खरोखर उपयोगी पडते. इतरांनी ते केवळ शोभेसाठी घेतल्यास चार विषयांपैकी दोन गणिताचेच होतात, आणि एक ढासळला की दुसराही त्याच्याबरोबर जातो.

खडकवासल्याची परीक्षा

पुण्याजवळच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी बसवण्यात आली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी ती रीतसर सुरू झाली. आजोबांनी ज्यांचा उल्लेख केला ते व्हाइस अॅडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन. ते या प्रबोधिनीचे प्रमुख होते आणि १९६५ च्या युद्धाच्या वेळी भारतीय आरमाराचा ताफा त्यांच्या हाताखाली होता. त्यांच्या नावाचा अभिमान आपण बाळगतोच. पण त्या दारातून आत जाण्याची रीतही नीट समजून घेतली पाहिजे.

लोकसेवा आयोग ही परीक्षा वर्षातून दोनदा घेतो. लेखी परीक्षेत गणिताला ३०० गुण आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण. त्यात उतरलेल्यांना निवड मंडळापुढे अनेक दिवसांच्या चाचण्यांस जावे लागते. त्याला ९०० गुण. म्हणजे एकूण १८०० पैकी गणिताचा वाटा एक षष्ठांश. हे पाहून काही मुले गणिताची पर्वा करीत नाहीत. ही मोठी चूक होय. लेखी परीक्षेत गणिताचा वाटा एक तृतीयांश आहे, आणि प्रत्येक विषयात आयोगाने ठरवलेले किमान गुण मिळवावेच लागतात. ती पायरी चुकली तर निवड मंडळाचे तोंडही दिसत नाही.

दुसरी गोष्ट, बारावीला कोणते विषय होते याची. स्थलसेनेसाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल व वायुदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतात. परंतु गणिताचा पेपर मात्र सर्वांना सारखाच आहे. बारावी कला शाखेतून करून स्थलसेनेकडे जाऊ म्हणणाऱ्या मुलालाही तोच पेपर सोडवावा लागतो.

तिसरी गोष्ट आमच्या सिंगापूरच्या मुलांसाठी विशेष महत्त्वाची आहे. या पेपरात १२० प्रश्न असतात आणि वेळ अडीच तास. एका प्रश्नाला सव्वा मिनिट. गणकयंत्र नेण्यास मनाई. येथील एच२ गणिताचा विद्यार्थी आलेख काढणाऱ्या गणकयंत्रावर वाढलेला असतो. तीन अज्ञातांची समीकरणे तो कळ दाबून सोडवतो. त्याची समज उत्तम असते, पण हात मंद झालेला असतो. शिवाय या पेपरात मॅट्रिक्स व डिटर्मिनंट, म्हणजे संख्यांच्या चौकटी आणि त्यांची किंमत काढण्याची रीत, यांवर हुकमी प्रश्न येतात. येथील एच२ गणितात त्यांना विशेष स्थान नाही. त्यासाठी फर्दर मॅथेमॅटिक्स घेण्याचे कारण नाही. भारतीय अकरावी-बारावीचे पाठ्यपुस्तक आणून ती प्रकरणे सुटीत हाताने सोडवली तरी भागते.

चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण आणि चार पर्याय. डोळे मिटून उत्तर ठोकले तर चारातून एकदा अडीच गुण मिळतात आणि तीनदा मिळून तितकेच जातात, लाभ शून्य. पण एक पर्याय निश्चित चुकीचा आहे हे ओळखता आले, तर उरलेल्या तिघांतून निवडताना सरासरीने दर प्रश्नामागे पाव गुणाहून थोडा अधिक फायदा होतो. संभाव्यतेचे प्रकरण ज्याने मन लावून केले, त्याला परीक्षेत कोठे धाडस करावे आणि कोठे थांबावे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

सिंगापूरमधील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी आणखी एक ध्यानी ठेवावे. केंद्रीय मंडळाने २०२० च्या परीक्षेपासून दहावीला स्टँडर्ड आणि बेसिक अशी दोन गणिते ठेवली. पुढे गणित न घेणाऱ्यांसाठी बेसिक योजलेले आहे. अकरावीलाही नेहमीचे गणित आणि उपयोजित गणित असे दोन विषय आहेत. दुसरा मुख्यतः वाणिज्य व सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्यांसाठी आहे. खडकवासल्याचा पेपर नेहमीच्या गणितावर उभा आहे. दहावीत चार गुण अधिक मिळावेत म्हणून सोपा पर्याय घेतला, तर त्याची किंमत दोन वर्षांनी चुकवावी लागते.

आणि ज्याने गणित सोडलेच, त्याचे काय? त्याच्यासाठी सर्व दारे बंद झाली असे नाही. पदवीनंतर चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी जी परीक्षा होते, तीत इंग्रजी आणि सामान्यज्ञान एवढेच पेपर असतात. डेहराडूनसाठी गणिताचा पेपर असतो, परंतु तो दहावीच्या दर्जाचा. वायुदल आणि नौदल मात्र येथेही बारावीचे गणित-भौतिकशास्त्र वा अभियांत्रिकीची पदवी मागतात. म्हणजे गणित सोडल्याने सैन्य दुरावत नाही, पण आकाश आणि समुद्र दुरावतात.

मामांचा देश

इस्राएलमध्येही बारावीनंतर अर्ज करून थेट अधिकारी होण्याची सर्वसाधारण पद्धत नाही. मुलगे-मुली सैन्यात दाखल होतात आणि त्यांच्यामधून अधिकारी निवडले जाऊन नेगेवमधील प्रशिक्षण तळावर जातात. तरीही लोदचे मामा पाच युनिटांचा आग्रह धरतात तो उगाच नव्हे. शालान्त परीक्षेत, म्हणजे बग्रुतमध्ये, गणित तीन, चार वा पाच युनिटांचे घेता येते. पाच युनिटांना विद्यापीठे प्रवेशाच्या वेळी अधिक वजन देतात. २०१५ मध्ये शिक्षण मंत्रालयाने अधिक मुलांनी पाच युनिटे घ्यावीत म्हणून देशव्यापी मोहीमही काढली. आधी पदवी आणि मग सेवा अशी जी अतूदा योजना आहे, किंवा १९७९ मध्ये सुरू झालेला तलपियोत हा निवडक बुद्धिमानांचा कार्यक्रम आहे, तेथे गणित आणि भौतिकशास्त्र यांच्यावाचून पाऊल पडत नाही. स्थलांतरित घरातील ज्या मुलाची हिब्रू अजून अडखळते, त्याला गणिताचा एक मोठा आधारही असतो. भाषेत मागे पडलेला मुलगा गणितात वर्गाच्या बरोबरीने बसू शकतो.

मग लिहावयाचे काय?

एवढे पाहिल्यावर आईच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. सिंगापूर असो, खडकवासला असो वा इस्राएल, तिन्ही वाटांना समान उपयोगी पडणारे गणित एकच आहे: कलन, सदिश, त्रिकोणमिती आणि संभाव्यता यांचा समावेश असलेले बारावीच्या पातळीचे पूर्ण गणित. येथील भाषेत एच२, भारतीय अभ्यासक्रमात नेहमीचे गणित, इस्राएलमध्ये झेपल्यास पाच युनिटे, नपेक्षा चार. त्याखाली उतरू नये. त्याच्या वर चढावयाचे ते दोनच कारणांनी: विद्यापीठात पुढे त्याच विषयाची गरज आहे म्हणून, किंवा मुलाला गणिताचा खरा आनंद आहे म्हणून. अर्ज भारदस्त दिसावा हे कारण पुरेसे नाही. निवड करणाऱ्यांपुढे विषयाच्या नावाबरोबर त्यातली श्रेणीही असते. जड विषयात कशीबशी मिळवलेली श्रेणी, आपल्याला आपली ताकद ओळखता आली नाही, एवढेच सांगते. आणि ज्याच्या हाती उद्या माणसे द्यावयाची, त्याच्याकडून ती ओळख अपेक्षित असते.

दुसरे असे की, कोणताही अभ्यासक्रम असो, आठवड्यातून काही वेळ गणकयंत्र बाजूला ठेवून, घड्याळ लावून, कागदावर हाताने गणिते सोडवावीत. आणि तिसरे, सोडवलेले गणित घरातल्या कोणाला तरी समजावून सांगावे, मग ऐकणाऱ्याला ते कळो वा न कळो. थेयर यांनी फळ्यासमोर जे करून घेतले तेच हे. ज्याला आपल्या आजीला कलन समजावता येते, त्याला निवड मंडळापुढे बोलताना घाम फुटत नाही.

सेरंगूनच्या त्या घरी शब्बाथ संपल्यावर वडिलांनी कागदपत्रे काढली. मुलगा कायमचा रहिवासी आहे. तेव्हा त्याची वाट येथल्याच सैन्यातून जाते, हे स्पष्ट झाले. आजोबा क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "हरकत नाही. सॅमसनसाहेबांचे नाव कोठेही राखता येईल." शाळेत अॅडिशनल मॅथेमॅटिक्समध्ये त्याची श्रेणी चांगली होती, पण अव्वल नव्हती. सोमवारी फॉर्मवर एच२ गणित आणि भौतिकशास्त्र लिहिले गेले. फर्दर मॅथेमॅटिक्स लिहिले गेले नाही. त्यातून वाचलेला वेळ धावण्याच्या सरावासाठी ठेवायचे ठरले.

आणि मग आईच्या लक्षात एक गोष्ट आली. धाकटी मुलगी माध्यमिक दुसऱ्या वर्गात होती. पुढल्या वर्षासाठी तिला विषय निवडावयाचे होते, आणि अॅडिशनल मॅथेमॅटिक्स नको असे ती परवाच म्हणाली होती. मुलीला एवढे गणित कशाला, म्हणून घरात कोणी त्यावर दुसरा शब्द काढला नव्हता. परंतु एच२ गणित हे अॅडिशनल मॅथेमॅटिक्सचा पाया गृहीत धरूनच शिकवले जाते. पंधराव्या वर्षी तो सोडला तर सतराव्या वर्षी निवडण्यासारखे फारसे उरत नाही. खडकवासल्याची दारेही आता मुलींना उघडली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर मुली त्या परीक्षेस बसू लागल्या, आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी मुलांच्या बरोबरीने संचलन करीत बाहेर पडली.

भावाचा फॉर्म चार दिवसांत भरून झाला. त्याच्या दारांचा निर्णय खरे पाहता दोन वर्षांपूर्वीच, कोणाच्या ध्यानीमनी नसताना होऊन गेला होता. बहिणीच्या बाबतीत तो अद्याप व्हावयाचा आहे. आपल्या घरांत अशी किती मुले-मुली आज त्या वयात आहेत, याचा प्रत्येक पालकाने विचार करावा. १८७५ मध्ये हाइम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली ती विद्येची दारे उघडी राहावीत म्हणूनच. शाळा आता देशोदेशी आहेत आणि दारेही पुष्कळ आहेत. ती आपल्या मुलांसाठी लागण्यापूर्वी घरात एकदा बसून बोलावे, एवढेच काम आता आपल्याकडे उरले आहे.